लांब शेपटीचे कोंबडे: माझ्याकडच्या तीन लाइनींची तुलना, आणि पुढे कुठली धरू?

पिसारावेडी

मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण थोडक्यात विचारलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

गेली सहा वर्षं लांब शेपटीचे कोंबडे पाळतेय. सध्या माझ्याकडे तीन वेगवेगळ्या रक्ताचे पक्षी आहेत आणि तिन्ही सांभाळायला जागा पुरत नाही. एक लाइन मुख्य धरायची आणि बाकीच्या तिच्यासाठी वापरायच्या, असं मनात आहे. नावांच्या भानगडीत न पडता त्यांना अ, ब आणि क म्हणते.

अ लाइन: प्रदर्शनातली फिनिक्स, चंदेरी. एकेरी तुरा, पांढरी कानपाळी, निळसर राखाडी पाय. दिसायला तिघांत सर्वांत देखणी. विळे (शेपटीची दोन मुख्य वळणदार पिसं) रुंद, चमकदार, ८५ ते ९० सेंमी. पण दरवर्षी पीसगळ आली की शेपटी पूर्ण खाली. पुन्हा शून्यापासून.

ब लाइन: चंदेरी, कागदावर तीन-चतुर्थांश ओनागादोरी (जपानी लांब शेपटीची जात). अंडी मागवून उबवली होती, त्यातले चार कोंबडे जगले. पिसांची वाढ महिन्याला साधारण ६ सेंमी. पहिल्या मोठ्या पीसगळीत एकाने विळे टाकले पण बाजूची पाच पिसं राखली. उरलेल्या तिघांची त्या वेळी नोंद ठेवली नव्हती. ही माझी चूक.

क लाइन: हिचा कागद नाही. एका जुन्या पाळकाने पाळणं बंद केलं तेव्हा उचललेले पक्षी. अंगाने लहान, सोनेरी-तांबूस, कानपाळीत लाल ठिपके, पाय शेवाळी. माद्यांच्या पायांनाही काटे आहेत. विळे अरुंद, थोडे विस्कटलेले, कुणी बक्षीस देणार नाही असे. पण तीन कोंबड्यांपैकी थोरल्याने दोन पीसगळींत बाजूच्या आठ पिसांपैकी एकही टाकलं नाही. आज त्याचं सर्वांत लांब पीस १ मीटर ७४ सेंमी आहे.

माझं मन क कडे ओढतंय. घरातले म्हणतात, कागद असलेली ब धर. प्रदर्शनातले ओळखीचे म्हणतात, अ सोडू नकोस, एवढं रूप पुन्हा जमून येत नाही. तुम्ही काय कराल?

जुना_खुराडेवाला

ताई, नोंदी छान ठेवल्यात. निदान क च्या तरी. आधी माझे प्रश्न.

तिन्ही लाइनी एकाच छपराखाली आहेत का? खाणं एकच का? आणि सर्वांत महत्त्वाचं, रात्री उजेड कुठे किती असतो?

का विचारतो ते सांगतो. पीसगळ ही दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस लहान होऊ लागले की कोंबडीचं अंडं थांबतं, अंगातल्या ग्रंथींचा कारभार बदलतो आणि जुनी पिसं सुटायला लागतात. आधी डोकं-मान, मग छाती, अंग, पंख, आणि शेपटी बहुधा शेवटी. रात्रभर दिवा जळत असेल तर पक्ष्याला दिवस लहान झाल्याचं कळतच नाही. अशा कोंबड्याने पिसं राखली तर ते रक्ताचं श्रेय की दिव्याचं, हे सांगता येणार नाही.

याच्या उलटही होतं. एक दिवस पाणी संपलं, जागा बदलली, कुत्रं शिरलं, की चांगल्या रक्ताचा कोंबडाही पिसं टाकून मोकळा होतो. मी एक सुंदर पक्षी असाच नासवला होता. नवं खुराडं झालं म्हणून ऐन पीसगळीच्या तोंडावर त्याला हलवलं. तीन वर्षांची शेपटी बारा दिवसांत पेंढ्यात पडली.

तेव्हा तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी. नाहीतर आपण रक्त मोजतोय असं वाटतं आणि मोजत असतो खुराडं.

नवखा_पाळक

मी या छंदात नवा आहे. फिनिक्स, योकोहामा, ओनागादोरी ही एकाच पक्ष्याची नावं आहेत का? चित्रांत मला सगळे सारखेच दिसतात. चुकीचं विचारलं असेल तर सांभाळून घ्या.

दूरदेशी_पाखरू

चुकीचं अजिबात नाही. या नावांनी जुन्या लोकांचाही घोळ झालेला आहे.

मूळ धागा जपानमधला. शिकोकु बेटावरचा तोसा प्रांत, म्हणजे आजचा कोची, हे ओनागादोरीचं घर. नावाचा अर्थच ‘लांब शेपटीचा पक्षी’. आजच्या नानकोकु शहराच्या परिसरात एदो काळात ही जात घडली. तोसाच्या सरदारांच्या मिरवणुकीत भाल्यांच्या टोकांना लांब पिसं लावायचे, म्हणून अशी पिसं देणाऱ्या पक्ष्यांना मान होता. शोकोकु नावाची जुनी जात तिच्या पूर्वजांत धरतात. जपानने ओनागादोरीला १९२३ मध्ये नैसर्गिक स्मारक म्हणून आणि १९५२ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण दिलं. जिवंत कोंबड्याला ‘स्मारक’ म्हणणं मला फार आवडतं. देवळाला जो मान, तोच एका जनावराच्या वंशाला.

तिथे शेपटीच्या इतर जातीही आहेत आणि प्रत्येकीची शेपटी वेगळी. मिनोहिकीची कमरेची झालर पेंढ्याच्या इरल्यासारखी जमिनीवर ओढत जाते. ओहिकी लहानखुरी, पिसं रुंद. तोतेन्को याच कोचीचा, शेपटीही बरी, पण त्याची खरी ओळख लांबलचक आरव. हे सगळे ‘लांब शेपटीचे’, पण ओनागादोरीची गोष्ट निराळी. तिच्या कोंबड्याची शेपटीची आणि कमरेची ठरावीक पिसं दरवर्षी झडत नाहीत, वाढतच राहतात. कोचीतल्या एका कोंबड्याचं पीस १९७२ मध्ये १०.६ मीटर भरलं होतं. वर्षाला मीटरभर वाढ धरली तरी ते एक पीस दहा वर्षांहून जास्त त्याच मुळाला धरून होतं! लांबीपेक्षा मला हे धरून राहणं थोर वाटतं.

फिनिक्स जर्मनीत घडली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ह्यूगो दु रुआ हे तिथल्या कुक्कुटपालक संघटनेचे पहिले अध्यक्ष, त्यांनी जपानहून आलेल्या लांब शेपटीच्या पक्ष्यांचा युरोपातल्या जातींशी संकर करून ती बसवली. पक्षी काटक झाले, अंडी वाढली, पण न झडण्याचा गुण बहुतेक वाहून गेला. म्हणून पिसारावेडींची अ लाइन दरवर्षी शून्यावर येते. तिच्या रक्ताचा तो दोष म्हणू नका, ती घडलीच तशी.

योकोहामा हे बंदराचं नाव. पक्षी तिथून जहाजावर चढले म्हणून युरोपात ते चिकटलं. जर्मन पद्धतीत योकोहामाचा तुरा एकेरी नसतो आणि कानपाळी लाल, फिनिक्सचा तुरा एकेरी आणि कानपाळी पांढरी. ब्रिटनमध्ये मात्र दोन्हींना योकोहामाच म्हणत आले. म्हणून जुन्या कागदावर ‘योकोहामा’ लिहिलेलं असेल तर तो कागद कुठल्या देशातला, हे आधी पाहायचं.

गुणसूत्र

माझा मुद्दा ब लाइनच्या ‘तीन-चतुर्थांश’ या शब्दावर आहे. या छंदात सर्वांत जास्त फसगत या आकड्याने होते.

समजा, न झडण्याचा गुण एकाच अप्रभावी (दोन प्रती असल्या तरच दिसणाऱ्या) जनुकावर आहे. प्रत्यक्षात तो इतका साधा नाही. काही पक्षी सगळी पिसं राखतात, काही निम्मी, म्हणजे मागे बरंच काही आहे. पण हिशेब समजायला एक जनुक धरू. ओनागादोरी कोंबडा आणि साधी फिनिक्स कोंबडी, यांची पिल्लं निम्मी ओनागादोरी. सगळ्यांकडे जनुकाची एकच प्रत, म्हणून सगळ्यांची पिसं झडणार. आता यातली तलंग (कोवळी कोंबडी) परत ओनागादोरी कोंबड्याला दिली. ही पिल्लं ‘तीन-चतुर्थांश’. पण यातल्या निम्म्या पिल्लांकडे जनुकाच्या दोन प्रती, निम्म्यांकडे एकच. एकाच आईची, एकाच पेटीत उबलेली, एकच कागद असलेली दोन भावंडं, एकाची शेपटी टिकणार आणि दुसऱ्याची पहिल्याच हंगामात गळणार. कागद दोघांनाही ७५ टक्केच म्हणणार.

उलट बाजूही बघा. निम्म्या रक्ताच्या भावाबहिणींचा जोड लावला तरी चारात एक पिल्लू दोन्ही प्रती घेऊन येतं. ते फक्त ‘५०’ टक्क्यांचं, पण शेपटीच्या बाबतीत ७५वाल्या निम्म्या पिल्लांपेक्षा सरस. ताईंच्या ब मधल्या चार भावांत जो फरक दिसेल तो नेमका हाच असू शकतो.

दुसरं, वाढीचा वेग आणि न झडणं हे दोन स्वतंत्र गुण आहेत. महिन्याला ८ सेंमी वाढणारा कोंबडा दरवर्षी शेपटी टाकू शकतो आणि ४ सेंमीने वाढणारा राखू शकतो. तुलनेच्या तक्त्यात दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा. नुसती लांबी लिहिली की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि तरुण, भराभर वाढणारा कोंबडा उगाच राजा ठरतो.

तिसरं, निकाल लागायला वेळ द्या. दीड वर्षाच्या आत, म्हणजे पहिली खरी प्रौढ पीसगळ पार होईपर्यंत, कुठल्याही कोंबड्याबद्दल ठाम बोलू नये.

जुना_खुराडेवाला

गुणसूत्रांनी कागदाचं सांगितलं, मी हाताचं सांगतो. पीसगळीच्या दिवसांत कोंबडा मांडीवर घ्या, कमरेची पिसं बाजूला सारा आणि बाजूच्या पिसांची मुळं बघा. वाढ संपलेल्या पिसाची नळी कोरडी, पांढरी, कडक असते. वाढत्या पिसाची नळी मऊ, निळसर-गुलाबी, आत रक्त असतं. भोवतालची साधी पिसं सुकून झडायला लागली आणि तरी बाजूच्या पिसांची मुळं ओली-जिवंत दिसली, तर तो पक्षी जपा. मात्र हात हलका ठेवा. रक्तभरलं पीस मोडलं तर वाहतं, आणि त्या जागेचं पुढचं पीस वाकडं येण्याची भीती असते.

आणि वाढ मोजायला नेलपॉलिशचा बारीक ठिपका पिसाच्या मुळाशी लावा. पीस मुळाकडून वाढतं, म्हणून ठिपका बाहेर सरकत जातो. महिन्याने कातडीपासूनचं अंतर मोजलं की झालं. दर पिसाला वेगळा रंग. पुढच्या वर्षी ठिपका जागेवर असला की पीस तेच, वाद नाही.

पिसारावेडी

काका, ठिपक्याची युक्ती आजच करते. 

एक शंका. मागच्या उबवणीत अ च्या जोडीतून एक पिल्लू वाटाणा तुऱ्याचं निघालं. आई-बाप दोघेही एकेरी तुऱ्याचे. असं कसं?

गुणसूत्र

दोघेही खरेच एकेरी असतील तर निघू शकत नाही. वाटाणा तुरा एकेरीवर प्रभावी आहे. ज्याच्याकडे तो आहे त्याच्या डोक्यावर तो दिसतो, लपून राहत नाही. म्हणजे कुठलं तरी अंडं दुसऱ्या कोंबड्याचं. कुंपणावरून कुणी आलं-गेलं असेल, किंवा कोंबडी आधी दुसऱ्या कोंबड्यापाशी होती. कोंबडा बदलल्यावर निदान तीन आठवडे थांबून मगच अंडी जमवायला लागा, आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवड्यांहूनही जास्त टिकू शकतं.

रक्त ओळखायला अशा खुणा फार कामाच्या आहेत. पायांचा रंग बघा. क चे पाय शेवाळी, अ चे निळसर. दोन्हींत कातडीखाली काळसर रंगद्रव्य आहेच, फरक आहे तो वरच्या कातडीचा. निळसर पायांची कातडी पांढरी, शेवाळी पायांची पिवळी. पिवळी अप्रभावी, म्हणून निळसर पायांच्या जोडीतून कधीमधी शेवाळी पिल्लू येऊ शकतं, पण शेवाळी जोडीतून निळसर कधीच नाही. आलं तर अंडं बाहेरचं समजा. (हा पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून नव्हे तर राखाडी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबड्यांत आला, हे २००८ मध्ये जनुकांवरून दिसलं. एका कोंबड्याच्या पायांत दोन रानांचा वारसा, हे मला अजून अद्भुत वाटतं.)

चंदेरी-सोनेरीचं गणितही आधी बघून ठेवा, कारण ब चंदेरी आणि क सोनेरी आहे. हा रंग नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतो. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एकच, आणि ते तिला बापाकडून मिळतं. शुद्ध चंदेरी कोंबडा आणि सोनेरी कोंबडी लावली तर मुली-मुलगे सगळे चंदेरी दिसतील, पण मुलग्यांच्या खांद्यावर-पाठीवर पिवळट-तांबूस झाक येईल, कारण पोटात सोनेरी लपलेलं असतं. उलट लावलं, सोनेरी कोंबडा आणि चंदेरी कोंबडी, तर मुली सोनेरी आणि मुलगे चंदेरी. पट्ट्यांच्या पिल्लात पहिल्याच दिवशी नर-मादी कळते: तपकिरी पट्टे ती तलंग, राखाडी पट्टे तो कोंबडा. जागा कमी असणाऱ्यांना हा जोड सोयीचा.

शांत_दांडी

मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे, रागावू नका.

जपानमध्ये सर्वांत लांब शेपट्या ‘तोमेबाको’ या उंच, अरुंद पेटीत वाढवल्या गेल्या. कोंबडा वर दांडीवर बसून असतो, शेपटी गुंडाळून किंवा खाली सोडून ठेवतात, आणि अधूनमधून त्याला शेपटी हातात धरून फिरवून आणतात. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या हे केलं त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. तरी मी माझ्या पक्ष्याला असं ठेवू शकत नाही. कोंबडा हा उकरणारा, धुळीत लोळणारा, कोंबड्यांना दाणा दाखवून बोलावणारा जीव आहे.

माझ्याकडे सहा फूट उंचीवर रुंद, सपाट दांडी आहे, भिंतीपासून तीन फूट आत, म्हणजे शेपटी भिंतीला घासत नाही. खाली कोरडा पेंढा, रोज विष्ठा उचलतो. दिवसा शेपटी सैल वेटोळी करून मऊ पट्टीने कमरेशी बांधतो आणि तो अंगणात फिरतो. संध्याकाळी सोडतो. टोकं तुटतात, लांबी दीड-दोन मीटरच्या पुढे क्वचित जाते. पण तो दोन वेळा धुळीत लोळतो आणि त्याच्या अंगात उवा नाहीत.

लाइनींची तुलना करताना ‘मोकळ्यात ठेवून किती टिकते’ हा रकाना असावा, असं माझं म्हणणं.

जुना_खुराडेवाला

रागवायचं काय त्यात. मी तरुणपणी पेटी वापरली आहे आणि सोडूनही दिली. पेटीतल्या कोंबड्याचे पाय सुजायचे, नखं वेडीवाकडी वाढायची. पट्टीची पद्धत चांगली, फक्त पावसात ओली पट्टी तशीच ठेवू नका, पिसं कुजतात.

पैदाशीच्या कोंबड्याचं मात्र वेगळं. एवढी शेपटी घेऊन त्याला कोंबडीवर नीट चढता येत नाही, अंडी रिकामी जातात. दोन सारखे भाऊ असतील तर एकाची शेपटी ठेवा, दुसऱ्याची कापा आणि त्याला कोंबड्यांत सोडा. कापलेली शेपटी म्हणजे गेलेलं रक्त नव्हे. कापण्याआधी मोजून मात्र ठेवा.

आणि ताई, तुम्ही कोंबड्यांचंच लिहिलंत, कोंबडीबद्दल जवळजवळ काहीच नाही. खाण तशी माती! अर्धं रक्त तिचं आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळे तिला विसरतात. क च्या माद्यांची कमरेची पिसं कशी आहेत? शेपटीवरची पिसं लांब, टोकाला वळलेली आहेत का?

पिसारावेडी

काका, तुमच्या उजेडाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चार दिवस लागले, कारण ते मला आवडलेलं नाही.

क लाइन जिथे आहे त्या छपराला लागून आमच्या वाटेवरचा दिवा आहे. तो रात्रभर जळतो. भिंतीच्या वरच्या जाळीतून उजेड थेट दांडीवर पडतो. अ आणि ब मागच्या बाजूला, काळोखात. गेली दोन वर्षं मी ज्याच्या जोरावर क ला डोक्यावर घेतलं ते सगळं त्या दिव्यामुळेही असू शकतं. मला हे एकदाही सुचलं नाही.

त्यामुळे निर्णय वर्षभर पुढे ढकलते. जाळीवर जाड पडदा टाकला. पक्षी हलवत नाही, काकांचा अनुभव लक्षात आहे. पडदाही पीसगळीच्या बऱ्याच आधी, दिवस मोठे असतानाच टाकला, म्हणजे त्यांना अचानक बदल वाटू नये. तिघांना एकच खाणं, प्रथिनं १८ टक्क्यांच्या आसपास. पिसं बहुतांशी केराटिन या प्रथिनाची आणि त्यात गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात, म्हणून त्यांतल्या मिथिओनिनकडे लक्ष ठेवतेय. सगळ्या नरांच्या बाजूच्या आठ-आठ पिसांना ठिपके.

माद्यांचं: क च्या पाचपैकी दोघींची कमरेची पिसं बोटभर जास्त लांब, टोकदार, आणि शेपटीवरची दोन पिसं विळ्यासारखी वळलेली. त्या दोघी बहिणी आहेत. बाकी तिघी साध्या.

अंडीपेटी

ताई थांबल्या हे बरं केलं. तोवर जोड्यांचा आकडा बघून घ्या, कारण या छंदात लाइनी शेपटीने कमी आणि आतल्या आत जोड लावून जास्त संपतात.

एक कोंबडा आणि पाच कोंबड्या म्हणजे सहा पक्षी, पण रक्ताच्या हिशेबात ते किती? चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. २० भागिले ६, म्हणजे ३.३. एका पिढीत आतल्या रक्ताची वाढ सुमारे १५ टक्के. माद्या पाचाच्या बारा केल्या तरी आकडा ३.७ वरच अडकतो. पण पाच कोंबड्यांना एकाऐवजी तीन कोंबडे वाटून दिले तर ७.५ होतो आणि वाढ निम्म्याहून खाली येते. म्हणजे जास्त कोंबड्या ठेवून उपयोग नाही, कोंबडे जास्त हवेत. लोक नेमकं उलट करतात. एक राजा कोंबडा आणि त्याचा मोठा जनाना. तीन-चार पिढ्यांत अंडी रिकामी, पिल्लं अशक्त, आणि दोष खाण्याला दिला जातो.

माझी पद्धत तीन कप्प्यांची. मुली आईच्याच कप्प्यात राहतात, मुलगे पुढच्या कप्प्यात जातात. पहिल्यातला दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पहिल्यात. डोक्याला ताण नाही, पायातल्या कड्याचा रंग कप्प्याचा.

पण ताईंना हे सरळ लागू होणार नाही. अ, ब, क असेच तीन कप्पे करून फिरवले तर न झडण्याचा गुण पातळ होऊन बसेल. कप्पे एका लाइनच्या आत करावेत.

पिसारावेडी

(अकरा महिन्यांनी)

धागा वर आणतेय. पीसगळ संपली. पडद्यासकट, सारख्या उजेडात. आठ ठिपक्यांपैकी किती उरले ते लिहिते.

अ: दोन्ही कोंबड्यांचे शून्य. अपेक्षित होतं.

ब: चार भाऊ. पहिला ०, दुसरा ०, तिसरा ७, चौथा २. गुणसूत्र, तुम्ही लिहिलेलं डोळ्यांसमोर उतरलं. एकच कागद, आणि एकाच्या शेपटीत सात, दुसऱ्याच्या शेपटीत काही नाही. या सातवाल्याकडे मी आजवर नीट बघितलंही नव्हतं. तुरा थोडा लोळतो म्हणून तो कायम मागे राहिला होता.

क: थोरला ६, मधला ५, धाकटा ०. थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदा दोन पिसं टाकली. सकाळी पेंढ्यात दिसली तेव्हा वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. सर्वांत लांब पीस मात्र राहिलं, आज २ मीटर ३९ सेंमी. म्हणजे दिव्याचा थोडा हात होता, पण बरंचसं रक्ताचंच होतं. धाकट्याच्या दोन वर्षांच्या शेपटीला बहुधा दिव्यानेच राखलं होतं.

वाढीचा वेग: ब चा सातवाला महिन्याला ६.५ सेंमी, क चा थोरला ५.५, मधला ५, अ चे दोघे वाढीच्या काळात ७ च्या वर! गुणसूत्रांचे दोन रकाने वेगळे ठेवले नसते तर अ च पहिली आली असती.

आता माझा प्रश्नच बदलला. लाइन निवडायचीच नाही. ब चा तिसरा आणि क चे थोरले दोघे, हे तीन कोंबडे, आणि क च्या त्या दोन वळलेल्या पिसांच्या बहिणी, शिवाय ब च्या तिसऱ्याच्या दोन सख्ख्या बहिणी. सात पक्ष्यांवर नवी लाइन उभी करते. अ ची एक कोंबडी ठेवली आहे, पिसांच्या रुंदीसाठी, पण तिला तिसऱ्या पिढीआधी हात लावणार नाही.

गुणसूत्र

फार छान काम. फक्त एक: सात पक्ष्यांत क चे दोघे भाऊ आणि दोघी बहिणी एकमेकांचे कोण?

पिसारावेडी

तेच माहीत नाही, कागद नव्हता. म्हणून क चा क शी जोड लावत नाही. क चे भाऊ ब च्या बहिणींना आणि ब चा तिसरा क च्या बहिणींना. रंगाचं तुम्ही सांगितलेलं वापरलं: सोनेरी कोंबडा चंदेरी कोंबडीला, म्हणजे त्या कप्प्यातल्या तलंगा पहिल्याच दिवशी वेगळ्या काढता येतील.

जुना_खुराडेवाला

ब च्या तिसऱ्याची शेपटी कापणार का?

पिसारावेडी

कापली, काका. परवा सकाळी. मोजून, ठिपक्यांसकट कागदात गुंडाळून ठेवली आहे, सर्वांत लांब १ मीटर ५२. क च्या मधल्याचीही कापली. थोरल्याची नाही कापवली. तो वरच्या दांडीवर आहे, शांत_दांडी यांच्या पद्धतीने पट्टी बांधून दिवसा बाहेर येतो. पहिले दोन दिवस पट्टीला चोच मारत होता, आता विसरला.

नवखा_पाळक

ताई, पिल्लं झाली की त्यांच्या खुणा कशा करणार तेही लिहा ना. मी तुमच्या मागोमाग तसंच करणार आहे.

पिसारावेडी

पायात कडं मोठं झाल्यावर. त्याआधी बोटांमधल्या पडद्याला पहिल्या दिवशी बारीक छिद्र पाडायचं, डाव्या पायाला आतल्या बाजूला म्हणजे ब चा बाप, उजव्या पायाला म्हणजे क चा. कप्पा बदलल्यावर चोवीस दिवस थांबून अंडी जमवली. काल अकरा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली, सहा एका जोडाची, पाच दुसऱ्याची, पेन्सिलीने अक्षरं लिहून. एकविसाव्या दिवशी इथेच लिहिते.